खरेदीखतात न आलेल्या गोवऱ्या

"मॅडम, बप्पा किल्ली देईनात."

शुक्रवारी दुपारी सरांचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसात नुकताच डबा उघडला होता. सर म्हणजे माझे अशील, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. दोनच दिवसांपूर्वी मी त्यांना आमच्या वाशी गावात घर घेऊन दिलं होतं. म्हणजे पैसे त्यांचे, घर नामदेव बप्पांचं, मी फक्त खरेदीखत केलं होतं. पण खरेदीखत करणाऱ्या वकिलाला दर वेळी आपणच घर बांधल्यासारखं वाटतं. मला तर जरा जास्तच वाटतं.

"का देत नाहीत? पैसे मिळाले ना त्यांना?"

"घराचे मिळाले. गोवऱ्यांचे राहिले म्हणायलेत."

"कशाचे?"

"गोवऱ्यांचे, मॅडम. शेणाच्या."

रविवारी सरांची वास्तुशांत होती. पत्रिका वाटून झाल्या होत्या, आचारी ठरला होता, गावाकडून त्यांची आई शनिवारी यायची होती. आणि किल्ली बप्पांच्या कमरेला. खरं तर खरेदीखतात 'आज रोजी ताबा दिला' असं लिहिलेलं होतं. ताबा म्हणजे घर प्रत्यक्ष हातात देणं. पण हे वाक्य आम्ही रजिस्ट्रीच्या दिवशी लिहून मोकळे होतो आणि विकणारा आपलं सामान आवरायला चार दिवस मागून घेतो. तेवढ्या चार दिवसांत कागदावरचं घर एकाचं असतं आणि कुलूप दुसऱ्याचं. वकिलाची झोप याच दिवसांत उडते.

इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. खरेदीखतात 'मिळकतीचं वर्णन' नावाचा भाग असतो. घराच्या चार बाजूंना काय आहे, घरात काय काय आहे, ते त्यात लिहायचं. बाकीचे वकील हा भाग चार ओळींत उरकतात. मी पानं भरते. पंखे किती, त्यातला कुरकुरणारा कोणता, बोअरची मोटर, परसातलं लिंबाचं झाड, सगळं. एका खरेदीखतात तर मी 'न्हाणीघराच्या दाराची कडी आतून लागत नाही' असंही लिहिलं होतं. कोर्टात सगळे हसतात, पण माझ्या कागदातून सुई सुटत नाही, असा माझा तोरा होता. बप्पांच्या घराच्या वर्णनातही मी लिहिलं होतं, 'मागील परसात पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब, चालू स्थितीत'. बंबात घालायचं काय, ते मात्र लिहिलं नव्हतं. सुई लिहिली होती आणि उंटच राहिला होता.

डबा झाकला आणि स्कूटी काढली.

परसात गेले तर उंट समोरच उभा. माझ्या डोक्याच्या वर जाईल एवढा गोवऱ्यांचा ढीग, मागच्या भिंतीला टेकवून रचलेला आणि पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून वरून खालपर्यंत शेणानं लिंपून घेतलेला. बप्पा त्याच्याशेजारी खाट टाकून बसले होते, सर समोर ताटकळत उभे होते. त्यांची बायको कौसल्याकाकू आत भांडी पोत्यात भरत होत्या. दोघं पुण्याला मुलाच्या फ्लॅटवर निघाले होते. तिथं गीझर आहे, गोवऱ्या नेऊन उपयोग नाही.

"बप्पा, असं कसं चालंल?" मी म्हणाले.

"कसं म्हंजे? घर इकलंय, मॅडम. सरपण कुठं इकलंय? तुमच्या कागदात हाय का कुठं गोवरी?"

नव्हती. सर माझ्याकडं बघायला लागले. मग तेच म्हणाले, "बप्पा, घराचे एवढे पैसे मोजले. आता शेणाचेबी द्यायचे व्हय? शेणाला कोण पैसे देतं?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. माझ्या ते लक्षात यायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात तेव्हा कायदा शिरला होता.

कायद्यात मालमत्ता दोन जातींची. जागची न हलणारी ती स्थावर: जमीन, घर आणि त्याला पक्कं जोडलेलं सगळं. उचलून नेता येते ती जंगम: खाट, कपाट, म्हैस. घर विकलं की त्याला जोडलेल्या वस्तू आपोआप जातात, जंगम जात नाहीत. मी ढिगाभोवती एक चक्कर मारली. शेणाचं लिंपण खाली जमिनीपर्यंत आलेलं, मागं भिंतीलाही चिकटलेलं. मला एकदम प्रकाश दिसला.

"बप्पा," मी घसा साफ करून म्हणाले, "कायद्यानं बघितलं तर हा ढीग जमिनीला जोडलेला आहे. भिंतीलाही जोडलेला आहे. म्हणजे तो स्थावर होतो. घराबरोबरच विकला गेला तो."

सरांच्या चेहऱ्यावर कौतुक पसरलं. वीस वर्षांच्या वकिलीत कुणी माझ्याकडं इतक्या आदरानं पाहिलेलं मला आठवत नाही. तेवढ्यात काकू बाहेर आल्या. सरळ ढिगापाशी गेल्या, विळ्याच्या मुठीनं लिंपण फोडलं, आतली एक गोवरी ओढून काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "हालली तुमची स्थावर."

गोवरी हातात घेऊन उभ्या असलेल्या वकिलानं पुढं काय युक्तिवाद करावा, हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

शहाण्या माणसानं इथं थांबायला हवं होतं. मी तडजोड करायला घेतली. म्हटलं, योग्य भाव काढू, अर्धा सर देतील, अर्धा बप्पा सोडतील. पण भाव कुणाला माहीत? वाशीच्या बाजारात सोयाबीनचा भाव पोरंसोरंही सांगतात. गोवऱ्या मात्र ज्याच्या त्याच्या घरच्या. मी मोबाइल काढला. ऑनलाइन सगळं मिळतं तसं गोवऱ्याही मिळत होत्या: पूजेसाठी, प्लॅस्टिकच्या वेष्टणात, वर गाईचा फोटो. भाव दिसला आणि मी तो मोठ्यानं वाचला.

वाचून होईपर्यंत बप्पा खाटेवरून उठले होते. एकदा ढिगाकडं बघितलं, एकदा घराकडं.

"अगं ये," त्यांनी काकूंना हाक मारली, "आपुन घर लई सस्तात दिलं की गं!"

"म्हशीच्या हायेत तुमच्या," सर चिडून म्हणाले. "ते गाईचे भाव हायेत."

"मग गाईचं घर घ्यायचं हुतं तुमी!"

मी मधे पडायला गेले, तर सर माझ्याच अंगावर आले. "मॅडम, तुमी माझ्या वकील का बप्पांच्या?" एवढं बोलून गाडीला किक मारून ते गेले. बप्पांनी किल्ली चाचपून परत कमरेला खोचली. सकाळी बप्पा हजार-दोन हजारांत मानले असते. माझ्या मध्यस्थीनंतर ते कुठल्याच आकड्याला मानेनात.

त्या रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हसून हसून जेवायचा थांबला. मी हसले नाही. रविवारी त्या दारात शे-दोनशे माणसं येणार होती आणि दार बंद असणार होतं. वाशीसारख्या गावात पुढची दहा वर्षं लोक ते दार दाखवून माझं नाव सांगणार होते. मला खरोखर भीती वाटली.

शनिवारी सकाळी मी पाचशेचा स्टॅम्पपेपर घेऊन बप्पांच्या घरी पोचले. दोन्ही पक्षांना मान्य होईल असा तडजोडनामा मनात तयार होता. पाठोपाठ सर आले, सोबत त्यांची आई. गयाबाई. अंगानं बारीक, पण आवाज असा की गल्लीतली कुत्री गप बसावीत. वाटेत मुलानं त्यांना सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण त्या कुणाला रामराम न घालता थेट परसात गेल्या आणि ढिगासमोर उभ्या राहिल्या.

"ह्याच्यावरनं किल्ली आडलीय व्हय?"

"व्हय," सर म्हणाले. "पर आई, आपल्याला ह्या गोवऱ्या नकोतच. राहू दे त्यांच्या. दूध आपुन गॅसवर उतू घालू."

वास्तुशांतीला नव्या घरात पहिल्यांदा दूध तापवतात आणि मुद्दाम उतू जाऊ देतात. घरात सगळं असंच भरून वाहू दे, अशी त्यामागची भावना.

"गॅसवर चहा करत्यात," गयाबाई म्हणाल्या. "दूध चुलीवरच उतू जाईल. आन् फुकटच्या जाळावर तर आजाबात न्हाय. कुणाचं मन दुखवून पेटिवलेला जाळ माझ्या ल्योकाच्या घराला नको." त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि माझ्याकडं वळल्या. "मॅडम, त्या मोबाइलातला भाव सांगा."

सरांनी डोळे मिटले. मी स्टॅम्पपेपर सरळ केला. प्रकरण मिटलं होतं.

"थांबा," काकू दारातून म्हणाल्या. "दूध उतू घालायला पायजेत व्हय गोवऱ्या?"

"मग कशाला?"

"मग पैसे कशाचे? पहिल्या जाळाचे पैसे घेत न्हाईत आमच्यात."

"आमच्यात फुकट घेत न्हाईत," गयाबाई म्हणाल्या.

"म्या घ्यायची न्हाय."

"म्या दिल्याबिगर जायची न्हाय."

बप्पा कळवळून म्हणाले, "अगं, पर कालपासनं आपुन पैशासाठीच तर..."

"तुमी गप बसा!" काकू म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. "पैशासाठी कोण बसलंय? ह्यास्नी किल्ली देऊ नका म्हणून म्याच सांगितलं. दोन म्हशी हुत्या, त्यांचं शेण वरीसभर थापलं. थंडीत, पहाटं. हाताची कातडी गेली. ह्या लिंपणात पावसाचा एक थेंब गेला न्हाय. आन् सर काल सकाळपासनं म्हणायलेत, शेणाला कोण पैसे देतं. तेवढं लागलं मला."

मला फार वाईट वाटलं. सरांनी शेण म्हटलं होतं, मी तर स्थावर म्हटलं होतं. त्या ढिगाला बाईचे हात लागलेत, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

सर पुढं झाले. "काकू, चुकलं माझं," ते म्हणाले. शिक्षकाला हे वाक्य म्हणायची सवय नसते, पण त्यांनी नीट म्हटलं.

गयाबाई काकूंच्या शेजारी पायरीवर टेकल्या. "असं करा. उद्याच्याला थांबा तुमी. चूल तुमच्या हातानं पेटवा. जाळ तुमचा, दूध आमचं. दूध उतू गेल्यावर म्या तुमची वटी भरते. घरातनं निघालेल्या सवाष्णीची वटी भरायचीच आसती. तिला तर न्हाय म्हणता यायचं न्हाय तुमाला."

काकूंना ते म्हणता आलं नाही. ओटीला नाही म्हणत नाहीत. त्यांनी डोळे पुसले, बप्पांच्या कमरेची किल्ली स्वतःच ओढून काढली आणि गयाबाईंच्या हातावर ठेवली. तडजोडनाम्यात मी कलमं कुठली घालणार होते, ते कुणी विचारलं नाही. तो कोरा स्टॅम्पपेपर अजून माझ्या खणात आहे.

रविवारी काकूंनी चूल पेटवली. पहिल्याच काडीला गोवरीनं पेट घेतला. दूध पूर्वेच्या अंगाला उतू गेलं आणि सगळ्या बायका एकदम 'चांगलं झालं' म्हणाल्या. मग गयाबाईंनी काकूंची ओटी भरली. साडीचोळी, नारळ, तांदूळ आणि त्या तांदळाखाली घडी करून काहीतरी. काकूंना ते हाताला लागलं असणारच, पण त्यांनी पदर घट्ट धरला आणि नमस्कार केला. बप्पांनी माझ्याकडं हळूच पाहिलं. कायद्याच्या भाषेत तांदळाखालच्या त्या घडीला मोबदला म्हणतात. मी दुसरीकडं बघितलं.

जेवणं झाल्यावर सरांनी फीचा विषय काढला. दोन दिवसांचे हेलपाटे होते. मी काही बोलायच्या आत गयाबाई म्हणाल्या, "मॅडमला मोकळ्या हातानं धाडू नका," आणि पोतंभर गोवऱ्या माझ्या स्कूटीवर बांधल्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. नवऱ्यानं दार उघडलं, पोतं बघितलं आणि विचारलं, "ही स्थावर कुठं ठेवायची?" बाल्कनीत ठेवली. शेजारच्यांनी दोनदा वासाची तक्रार केली.

होळीच्या दोन दिवस आधी पुण्याहून काकूंचा फोन आला.

"मॅडम, तुमी वाचलेला भाव खराच हाय की वो! नातवानं त्येच्यातनंच मागिवल्या हितं. बशीयेवढ्या हायेत. हातात धरल्या की भुगा. कुणी थापल्यात काय की."

"काकू, माझ्याकडं तुमच्या आहेत की. पोतंभर."

काकू एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "धाडता का?"

नवऱ्यानं आणि मी मिळून पोतं खाली उतरवलं आणि फाट्यावरच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात नेलं. म्हणजे फी गेलीच, वर पार्सलचे पैसेही मीच भरले. हल्ली घर बघायला गेले की मी आधी परसात जाते आणि बाईला विचारते, सरपण कुणी साठवलंय. मगच कागदाला हात लावते.

त्या दिवशी ट्रॅव्हल्सच्या काउंटरवरच्या माणसानं पावतीपुस्तक पुढं ओढलं आणि विचारलं, "मालाचं वर्णन?"

पानं भरणाऱ्या बाईला दोनच शब्द सुचले. "लिहा," मी म्हणाले, "गोवऱ्या. जंगम."