सोनकीबाईचे चिंचोके

बायको गेली, पण तिलाही हे कधी कळू दिलं नाही. आज तुम्हाला सांगतोय. का — ते मलाही नीटसं माहीत नाही.

पोस्टकार्डाचं मला जन्माचं वेड. इंग्रजांच्या राज्यात मी विसरवाडीजवळच्या एका गावी मास्तर होतो, टपालाची पेटीही शाळेतच. कोऱ्या कार्डावर ‘सा. न. वि. वि.’ उतरलं की काय बरं वाटायचं! विहीर, नाल्यावरचा पूल, देवीची लस — कशासाठी म्हणून मी सरकारला लिहिलं नाही? मास्तरांच्या कार्डानं विहीर आली, असं लोक अजून म्हणतात. छाती फुगते. मग सोनकीबाई आठवते.

ती डोंगरातल्या पाड्यावरची. घरी कोकणी — समुद्राकडची नव्हे, तिथल्या आदिवासींची — बोलायची, माझ्याशी मोडकीतोडकी अहिराणी. तिकडच्या लोकांची कार्ड लिहून घ्यायची एक रीत होती — जितक्या गोष्टी सांगायच्या तितके चिंचोके पुढे मांडायचे. मास्तर वाचून दाखवेल तसा एकेक उचलायचा. सगळे उचलले की मगच अंगठा.

तिनं चार मांडले. पाड्यावर गुरं मरताहेत. नाकेदार — म्हणजे जंगलखात्याचा शिपाई — फुकट ओझी वाहायला बायका धरून नेतो. पेरणीतसुद्धा सोडत नाही. आणि चौथा — दिवस भरत आलेल्या सुनेलाही त्यानं नेलं, पुन्हा नेईल. “बठ्ठं लिख मास्तर, काही सोडू नको,” म्हणाली.

आता कसं सांगू? माझ्या चुलीचं सरपण कुठून यायचं, ठाऊक आहे? त्याच नाकेदाराकडून. त्याच बायकांच्या डोक्यावरून. आणि त्याची भीतीही होती — खोटं कशाला बोलू?

मी फक्त गुरांचं लिहिलं. आणि वाचताना चारही गोष्टी वाचल्या! कार्डावर नसलेली वाक्यं, खणखणीत आवाजात, कार्डावर बोट फिरवत. तिनं चारही चिंचोके उचलले, समाधानानं अंगठा दिला. त्यानंतर सुनेला आणखी दोनदा नेलं. मी बघितलं. शाळेच्या दारातून बघितलं.

पुढे मामलेदार आले, गुरांचा डॉक्टर घेऊन. सोनकीबाई सरळ त्यांच्यापुढे — नाकेदाराचं काय केलं म्हणून विचारायला! साहेबांनी कार्ड काढलं, उलटसुलट पाहिलं. यात तसं काही नाही, म्हणाले. मी तिथंच, बाजूला उभा होतो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं हो. मग साहेबांना म्हणाली, “कार्ड धाकलं शे, साहेब. मास्तर तरी कितलं लिखी? तू बस, मी सांगस.”

आणि सगळं तोंडानं सांगितलं, न अडखळता. नाकेदाराची बदली झाली. सून सुखरूप बाळंत झाली.

तिला कळलं होतं का? की खरंच वाटलं असेल, कार्ड पुरलं नाही? मी कधी विचारलं नाही. हिंमतच नव्हती. पण त्या दिवसापासून लोकांचं सांगणं शब्दाला शब्द लिहीत आलो, बारीक अक्षरात, कडेकडेनं, पत्त्याला खेटून. लिहिण्याचं खरं सुख मला मिळालं ते तिच्या त्या एका वाक्यानं. बाई, तुझे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. काखेत कोंबडी. साहेबाला माझ्या कार्डानं आणलं म्हणून, माझ्यासाठी. पोरांदेखत माझ्या पाया पडली.

मी पडू दिलं. कोंबडी घेतली.