बोटाला लावलेलं मशीन म्हणालं, सगळं ठीक

ज्योतीराम मूळचा औशाकडचा. चाकणजवळच्या एका लहान वर्कशॉपमध्ये गिअर तापवून कडक करायच्या भट्टीवर तो कामाला होता. ओव्हरटाइमला कधी नाही म्हणायचा नाही. रविवारी मात्र मोशीतल्या खोलीत मटण स्वतःच्या हातानं शिजवायचा, बायकोला, विजयश्रीला, चुलीपाशी फिरकू द्यायचा नाही.

त्या थंडीत शेडमधली हवा बाहेर फेकणारा पंखा बंद पडला होता. गारठ्यामुळं शटरही अर्धं खाली ओढलेलं. काम करता करता ज्योतीराम मटकन खाली बसला. "डोकं लई दुखालंय, भावा," एवढंच सोबतच्या गणराजला म्हणाला आणि ओकला. सुपरवायझरनं त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावलं. आकडा नव्व्याण्णव.

"ऑक्सिजन फुल आहे, राव. पित्त असंल. घरी जा."

गणराजनं त्याला घरी आणून सोडलं. त्याचे गाल लालबुंद दिसत होते. विजयश्रीला वाटलं, चला, तब्येत बरी आहे. तिनं लिंबूपाणी दिलं, अंगावर पांघरूण घातलं. दुपार कलली तरी तो उठेना, हलवलं तरी डोळे उघडेना, तेव्हा मात्र ती रिक्षासाठी रस्त्याकडे धावली.

दवाखान्यात डॉक्टर तनुजांनी रक्त तपासलं.

"भट्टीचा विषारी वायू आहे. रक्त फुप्फुसातून प्राणवायू उचलून अंगभर पोचवतं ना, हा वायू नेमका त्याच्याच जागी जाऊन बसतो, आणि लवकर उठत नाही. रक्त लालच राहतं, मशीनलाही फरक कळत नाही. आत मेंदू मात्र उपाशी मरतो."

"आन् मी ह्यांना झोपू दिलं..."

"तुम्हाला कोण सांगणार होतं?" डॉक्टर म्हणाल्या.

मास्क लावून प्राणवायू दिला. ज्योतीराम शुद्धीवर आला, चालत घरी गेला. विजयश्रीनं देवापुढं नारळ फोडला.

पण काही आठवड्यांनी तो नळाखाली बादली भरून वाहत असताना नुसता बघत उभा राहू लागला. शर्टाची बटणं लावता येईनात. डॉक्टर म्हणाल्या, मेंदूला झालेली इजा कधीकधी अशी उशिरा वर येते. थोडं भरून येईल, सगळं येईलच असं नाही. वर्कशॉपवाल्यांनी हात झटकले: गडी दवाखान्यातून चालत गेला होता, आता आमचा काय संबंध?

विजयश्री पॅकिंगच्या कामाला लागली. सुरुवातीला शेजारच्या अंबुबाई ज्योतीरामपाशी बसायच्या. मग त्या लेकीकडे सांगवीला राहायला गेल्या. तेव्हापासून विजयश्री सकाळी त्याला भरवते, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवते आणि बाहेरून कडी घालून बसस्टॉपकडे निघते.