मागच्या चाकांवरची माणसं

ट्रकच्या पोटाखाली आडवी झालेली बाई आमच्या गावानं तोवर पाहिली नव्हती. मी व्हायचे. आमचा क्लीनर नागपूरला लग्नाला म्हणून गेला तो परत आलाच नाही. दुसरा मिळेपर्यंत मी बघते, असं म्हणून मी ग्रीसगन हातात घेतली, ती पुढं काही सुटली नाही. ऐंशी साल उजाडायच्या आसपासची ही गोष्ट. आमचं गाव देवळीपासून आत, कच्च्या रस्त्यावर. गाडी आमची स्वतःची, जुनी डिझेल गाडी, जिनिंगमधून कापसाच्या गाठी वर्ध्याला पोचवणारी.

काम नसलं की गाडी अंगणात कडुलिंबाखाली उभी राहायची. मी पोतं अंथरून खाली सरकायचे. आधी खुरप्यानं वाळलेला चिखल काढायचा, मग रॉकेलच्या चिंधीनं पुसायचं. मागच्या धुरीवर, म्हणजे चाकांच्या आसावर, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्यांचे जुडगे असतात, मोठ्या पट्टीखाली लहान, तिच्याखाली आणखी लहान. त्यांना पाटे म्हणायचं. गाडीचं सगळं वजन त्यांच्यावर, आणि धक्के खायचे तेही त्यांनीच. एकेका पाट्यावर हातोडी मारून आवाज ऐकायचा. चांगला असला तर खणखणीत वाजतो, चीर गेली असली की बद्द बोलतो. मग पाटे आवळून धरणारे बोल्ट कसायचे. हे, म्हणजे माझे यजमान, पान्यात लांब पाइप घालून जोर लावायचे आणि मी खालून ओरडायचे, “अजून, अजून!” शेवटी ग्रीस. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं पिवळं दिसेपर्यंत गन दाबत राहायचं. ते पिवळं दिसलं की मला फार बरं वाटायचं. स्वयंपाकात मला इतकी गोडी कधी वाटली नाही, खरंच सांगते.

पण ग्रीस नखांतून जात नाही. एकदा देवळीच्या स्टँडवर गाडी उभी होती, मी केबिनमध्ये बसून शेंगा सोलत होते. बाजाराला आलेल्या बायका एसटीची वाट पाहत होत्या. त्यांतली एक, उंच, काळीसावळी, डोक्यावर भाजीचं रिकामं टोपलं, माझ्या हातांकडं बोट दाखवून बाकीच्यांना म्हणाली, “पाहा वं माय, नवऱ्याची क्लीनर!” सगळ्या खळखळून हसल्या. त्यात वाईट असं काही नव्हतं. आज वाटतं, मीही हसायला हवं होतं. पण माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग. मी शेंगा खिडकीतून फेकून दिल्या आणि त्या दिवसापासून गाडीत कुणाला घ्यायचं नाही असं ठरवून टाकलं.

तोवर हे वाटेत कुणी हात केला की थांबायचे. यांचा स्वभावच तसा, रस्त्यावर माणूस दिसला की पाय आपोआप ब्रेकवर. मी शेजारी बसून म्हणायचे, “थांबू नका.” हे एकदा माझ्याकडं बघायचे, एकदा रस्त्याकडं, आणि गाडी पुढं काढायचे. बाजाराच्या दिवशी बोचकी घेऊन उन्हात उभी असलेली माणसं, आणि त्यांच्यासमोरून जाणारी आमची रिकामी गाडी. धुरळ्यात बायका तोंडावर पदर घ्यायच्या, ते मी आरशात बघायचे. मला मजा वाटायची. लिहितानासुद्धा कान गरम होतात, पण वाटायची.

पाटा वाढवायचं खूळही माझंच. गाठी जास्त लादल्या की मागची बाजू बसायची आणि टायर वर घासायचं. मी म्हटलं, दोन्ही बाजूंना एकेक जाड पाटा अजून घालून घ्या. हे म्हणाले, “मंग रिकामी गाडी उडन ना वं. वरून वजन नसलं का पाटे दबत नाई.”

“रिकाम्या गाडीत मागं बसते कोन?” मी म्हटलं. “उडू द्या.”

पाटे बसले. भरलेली गाडी ताठ चालू लागली. रिकामी मात्र खड्डा आला की मागून कोंबडीसारखी उडायची, हौद्याच्या मागची फळी, म्हणजे फाळका, खडखडायचा, अर्ध्या गावाला कळायचं की आम्ही आलो. मला त्याचंही कौतुक.

हंगाम संपला होता, वैशाखातले दिवस. सकाळी मी गाडीचं ग्रीसिंग आटोपलं आणि हौदा झाडायला म्हणून मागच्या फाळक्यावर चढले. तळपायाला ग्रीस लागलेलं, ते पुसायचा कंटाळा केला. पाय सटकला आणि मी वरून सरळ खालच्या दगडावर. मांडीत काहीतरी मोडलेलं मला ऐकू आलं. गावात एक डॉक्टर यायचे, त्यांनी बांबूच्या कमट्या लावून मांडी बांधली आणि यांना बाजूला घेतलं. मला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलले, तरी मी ऐकलंच. हाडाचं टोक आत धारदार झालंय, धक्का बसला आणि नस कापली गेली तर पाय जाईल, बाईही जाईल. वर्ध्याला न्या, ताबडतोब न्या, पण हलू देऊ नका.

गावातली एकुलती एक जीप लग्नाच्या वरातीबरोबर गेलेली. उरली आमची गाडी. हौद्यात कडबा पसरून त्यावर गादी टाकली, जावेनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि हे निघाले.

देवळीपर्यंतचा तो रस्ता मी कुणाला सांगत नाही. हे पायी चालल्यासारखी गाडी हाकत होते, तरी खडा आला की मागची बाजू उडायची आणि आपटायची. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. प्रत्येक आपटीला खालून कोण आपटतंय ते मला नावानिशी ठाऊक होतं. ते दोन जाड पाटे. मीच हातोडी मारून त्यांचा आवाज ऐकला होता, मीच त्यांचे बोल्ट “अजून, अजून” म्हणून कसून घेतले होते. दुखण्यानं रडू येत होतं की स्वतःच्या रागानं, मला तेव्हा वेगळं करता आलं नाही. अर्ध्या वाटेत कमटीखालचं फडकं लाल झालं. जावेनं ते पाहिलं आणि केबिनवर बुक्क्या मारल्या.

देवळीच्या अलीकडं यांनी गाडी थांबवली, मागं चढले, फडकं पाहिलं. मग म्हणाले, “गाडी भरल्याशिवाय पाटे दबनार नाई. स्टँडवर बाजाराची मानसं हायेत. त्याहिले घेतो.”

आणि मी, त्या अवस्थेत, काय म्हणावं? “नको. गिट्टी भरा. त्याहिले नका बोलावू.”

लग्न झाल्यापासून हे माझ्यावर कधी ओरडले नव्हते. तेव्हा ओरडले. “गिट्टी भरासाठी सांज होईन! मानसं सोताच्या पायानं चढते. चूप राह्य आता.”

स्टँडवर गाडी लागली. मी पदर तोंडावर ओढून घेतला. ऐकू मात्र सगळं येत होतं. आधी कुणी जवळच येईना. मग एक आवाज आला, “आज काऊन थांबले जी? चाक निंगालं का?” हसल्या बायका. तो आवाज मी विसरणं शक्यच नव्हतं. उंच, काळीसावळी, भाजीवाली.

हे तिला म्हणाले, “बायकोचं हाड मोडलं, बाई. रिकामी गाडी उडून राह्यली. मले वजन पायजे, दुसरं काई नाई. येता का तुमी सारे?”

वजन पाहिजे. इतकं उघडं मागणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. फाळक्यावर हात पडल्याचा आवाज आला. ती वर चढून बघत असणार. मग ती खाली वळून म्हणाली, “चला वं साऱ्या. पोते अन् टोपलेही घ्या. रिकाम्या हातानं चढू नोका.”

माणसं चढू लागली, तेव्हा मी पदर जरा सारला. बायका, म्हातारे, कांद्याची पोती, एक बकरी. हे प्रत्येकाला मागं ढकलत होते, “मागं, मागं, चाकाच्या वर उभे राहा!” एक लठ्ठ किराणा दुकानदार वर्ध्याला निघाले होते, त्यांना हे म्हणाले, “शेठजी, तुमी एकदम मंधात, धुरीवर.” शेठजी पोटावर हात फिरवत म्हणाले, “चला, हे कोनाच्या तरी कामी आलं.” सगळे हसले. जाऊसुद्धा हसली.

गाडी हलली आणि मला खालचा फरक ऐकू आला. खडखड बंद झाली होती. पाटे दबले होते. पहिला खड्डा आला, मी दात आवळले, आणि गाडी नुसती खाली जाऊन सावकाश वर आली. पाय हलला नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. मला लाज वाटली, इतकी की डोळे उघडेनात. उघडले तेव्हा चेहऱ्याच्या बाजूला पावलं दिसली, भेगा पडलेल्या टाचा, तारेनं शिवलेल्या चपला. धुळीत ज्यांना मी उभं ठेवलं होतं, तीच पावलं. आणि ती भाजीवाली माझ्या उशाशी उभी राहून माझ्यावर पदराची सावली धरून होती. एक हात फळीला, एक हातात पदर. माझ्याकडं बघत नव्हती. मला ओळखलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. ओळखलं नसेल असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं.

देवळीच्या पुढचा पहिलाच फाटा तिच्या गावाचा. तिथं उतरणारी बरीच माणसं होती. उतरायचं असलं की केबिनवर थाप मारायची, ही रीत. थाप आली नाही. यांनी आपणच गाडी सावकाश केली आणि डोकं बाहेर काढलं, “उतरा जी, ज्याले उतरायचं हाये.”

“आमी उतरलो का गाडी पुन्हा उडन,” ती वरून ओरडली. “चालव तू!”

मागून कुणीतरी पुटपुटलं की घरी म्हैस पिळायची आहे. दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. पुढचा फाटा गेला, त्याच्या पुढचा गेला. सावंगी गेली. प्रत्येक फाट्याला मी मनात म्हणत होते, उतरा रे बाबांनो, जा आपापल्या घरी. आणि त्याच श्वासात म्हणत होते, उतरू नका. दोन्ही खरं होतं. साधं “बसा” म्हणणंसुद्धा मला जमलं नाही.

दवाखान्यात पुरुषांनी मला गादीसकट उचलून आत नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बघितलं, रक्त हाड टोचलेल्या कातडीचं होतं, नस शाबूत होती. पाय वाचला. पुढं थोडा आखूड राहिला एवढंच. बाहेर हे सगळ्यांना सांगत होते की थांबा, सोडून देतो, आणि ते म्हणत होते की तुम्ही बाईजवळ थांबा, आम्ही एसटीनं जाऊ. ऊन कलत आलं होतं. ज्या रस्त्यानं घरावरून पुढं आले, त्याच रस्त्यानं त्यांना परत जायचं होतं.

ती भाजीवाली तेवढी आत आली. टोपलं डोक्यावर तसंच. माझ्या खाटेजवळ उभी राहिली आणि म्हणाली, “घरी जाशीन तवा रिकामी गाडी नोको आनू, बाई. हाड कच्चं राह्यते. स्टँडवर निरोप धाडजो. येऊ आमी बसासाठी.”

मी काहीतरी बोलावं म्हणून ती थांबली होती. पाय दुखतोय असं तोंड करून मी डोळे मिटून घेतले. इंजेक्शन दिलेलं होतं, तेव्हा तो मुळीच दुखत नव्हता. मग ती जावेला हळूच म्हणाली, “झोपू दे तिले,” आणि टोपलं सावरत निघून गेली.