दोनदा लावलेला साबण

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे माझे आतोबा, सगळ्या गल्लीला 'बहिरेबुवा' म्हणून ठाऊक. धंदा न्हाव्याचा. युद्धाच्या सुरुवातीलाच बॉम्बच्या धमाक्याने म्हणे त्यांचे कान गेले. युद्धात शहर परक्या सैन्याच्या ताब्यात होतं आणि त्यांचे अधिकारी दाढीला नेमके आतोबांच्याच खुर्चीत यायचे, कारण ठार बहिऱ्या माणसासमोर वाट्टेल ते बोलता येतं. घरी आत्या त्यांना बोलवायला टाचेने जमीन दणकवायची. हादरा लागला की ते मान वळवायचे. युद्ध संपल्यावर कुणा डॉक्टरने म्हणे ऑपरेशन केलं आणि त्यांना ऐकू यायला लागलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

आई माझ्या जन्माच्या वेळीच गेली. बाबा, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, ट्रक चालवायचे. पोटासाठी त्या सैन्याची तेलाची पिंपं वाहत होते, पूल उडाला आणि तेही गेले. मी तेव्हा रांगतसुद्धा नव्हतो. मला वाढवलं आतोबांनी, हातात वस्तरा दिला तोही त्यांनीच. आत्या कौतुकाने सांगायची, त्या सकाळी आतोबांनी बाबांना बळेच खुर्चीत बसवून दोनदा साबण लावला, दोनदा वस्तरा फिरवला. बाबा हसून म्हणाले, "पुन्हा लग्न लावताय की काय माझं?" आणि गेले. "मेहुण्यावर फार जीव होता हो यांचा," असं म्हणून आत्या डोळे पुसायची.

गेल्या वर्षी एक म्हातारा साहेब सरकारी पदक घेऊन सलूनमध्ये आला. आत्या धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. साहेबाच्या तोंडाला कुलूप कसलं ते नव्हतंच. म्हणाला, "असा हेर झाला नाही. कान शाबूत असून युद्धभर बहिरा राहिला, घरातही पत्ता लागू दिला नाही. पुलावरून तेल कधी जाणार, तेही यांनीच कळवलं."

आतोबांनी त्याला गप्प बसायची खूण केली. एवढा मोठा हेर, पण खूण काही वेळेवर जमली नाही.

आत्याने टॉवेल बाजूला ठेवला. "अहो, आदल्या दिवशी जेवताना भाऊ पुलाचं बोलला, ते तुम्ही ऐकलं होतंत?"

"ऐकलं होतं."

"मग जाऊ नको म्हणायचंत त्याला."

"म्हटलं असतं तर आमची सगळी माणसं पकडली गेली असती. उशीर झाला तर ट्रक दुसऱ्याला देतील, असं वाटलं. म्हणून पुन्हा साबण लावला."

मी गिऱ्हाइकाची दाढी अर्धवट टाकून बाहेर गेलो. शहराच्या दृष्टीने माणूस थोर आहे, ते मला कुणी शिकवू नये. ज्याच्यामुळे बाप गेला त्यालाच मी बापाच्या जागी मानत आलो, आणि सवय अशी की अजूनही मानतो. याचा संताप येतो, अगदी रोज.

आत्या भांडली नाही, घर सोडून गेली नाही. त्यांच्याशी बोलायची मात्र थांबली. माझ्याशी भरभरून बोलते, बाबांच्या लहानपणच्या खोड्या सांगते, आणि आतोबा तिथेच बसून ऐकत असतात. ताट वाढलं की ती टाचेने जमीन दणकवते. आतोबा मान वळवतात आणि निमूट जेवायला येऊन बसतात.