मागून आलेला ट्रक

डिंडोलीहून आम्ही अकरा जण सायकलींवर सापुताऱ्याला निघालो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पुढे साठीचे एक काका होते. तीस वर्षं कापडाच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवून आता घरी बसलेले. एका उतारावर मागून ट्रक हॉर्न देत आला. आम्ही सगळे कडेला झालो, पण काका रस्त्याच्या मधोमधच. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "काका, बाजूला व्हा." त्यांनी मानही वळवली नाही. ट्रक त्यांच्या कोपराला घासून गेला आणि ते कडेच्या मातीत फेकले गेले.

मी धावले. त्यांचा गुडघा खरचटला होता, एवढंच.

"इतका हॉर्न वाजत होता, हटला का नाहीत?"

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "माले ऐकू येत नही, बेटा. मना कान लूमना आवाजमा गयात." आधी सांगितलं असतं तर कोणी सोबत घेतलं नसतं, असं त्यांना वाटलं होतं.

आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर आम्ही समोरासमोर बसून तासभर गप्पा मारल्या होत्या. मला काहीच कळलं नव्हतं. मी त्यांच्या समोर बसले आणि पाण्याची बाटली पुढे केली.