बाबांनी न हुंगलेला चहा

दुधाच्या कॅनचं झाकण उचललं की आधी ते उलटं करून नाकाशी न्यायचं; दूध नंतर. बाबांची उभी हयात डेअरीच्या फलाटावर याच एका कृतीत गेली. पहाटेच्या गार, करड्या उजेडात गावोगावचे कॅन रांगेनं लागत आणि झाकणाखाली कोंडलेल्या वासावरून कुठलं दूध आंबायला लागलंय, कुठल्या गाईनं कांद्याची पात खाल्लीये, कुठे शिळ्यात ताजं मिसळलंय, हे ते उपकरणाला हात लावण्याआधीच सांगून टाकत. निवृत्तीनंतर फलाट सुटला, सवय सुटली नाही. धायरीच्या आमच्या दोन खोल्यांत ते भाजी हुंगत, दमट हवेत नीट न वाळलेला टॉवेल हुंगत, आणि मी दिलेला चहासुद्धा कपावरची बशी उचलून, तिच्या तळाशी जमलेला वाफेचा गंध छातीभर ओढून घेतल्याशिवाय ओठांना लावत नसत. आई गेल्यानंतर या परीक्षेला बसायला मी एकटीच उरले होते, आणि खरं सांगायचं तर मला त्या परीक्षेचा राग यायचा.

पण रक्त कुठे जाणार! हिंजवडीच्या भातखाचरांतून काचेच्या इमारती वर येऊ लागल्या, तेव्हा त्यांतल्याच एकीत मला दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची नोकरी लागली. समोरचा 'सगळं नीट चालतंय' म्हणाला की मी खुर्ची पुढे ओढायची. अविश्वास हेच माझं काम होतं आणि ते मला फार छान जमत होतं.

त्याच सुमारास बाबांच्या स्वादुपिंडाचं जुनं दुखणं उफाळलं. जेवणानंतर पोटातून थेट पाठीत जाणारी कळ, पुढे वाकून बसणं, उतरत चाललेलं वजन. ज्यानं जन्मभर दुधातला स्निग्धांश मोजला, त्याच्या शरीराला आता चमचाभर तूप पचेना. प्रत्येक नवा डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारी, "घेता का?" "घेतो की," बाबा शांतपणे म्हणत, "दूध. तेही तपासून." डॉक्टर हसत, पण त्यांच्या डोळ्यांतली शंका काही हलत नसे आणि मला ती स्पष्ट दिसे. ती मलाही शिवली, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एकदा ते अंघोळीला गेले असताना मी त्यांचा थर्मास उघडून हुंगला. आत फक्त शिळ्या चहाचा वास होता. त्या वासाची लाज मला अजून वाटते.

स्वादुपिंडाच्या नलिकेत खडा अडकला होता. तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढायचा आणि नलिका उघडी राहावी म्हणून आत एक बारीक नळी बसवायची, असं ठरलं. संमतिपत्रातली ओळ न् ओळ मी बोट ठेवून वाचली: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, आतड्याला छिद्र, स्वादुपिंडाला सूज, नळी सरकणं किंवा तुंबणं. डॉक्टर वैतागले नाहीत. "सगळ्यांना होत नाही, पण होऊ शकतं," ते म्हणाले. "घरी गेल्यावर दुखलं तर वाट बघू नका. लगेच या." मी सही केली आणि त्यांच्यावर तसूभरही विश्वास ठेवला नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. पुढच्याच आठवड्यात मला कंपनीच्या कामासाठी सहा महिने परदेशी जायचं होतं; उघडी बॅग खोलीच्या मधोमध पडलेली. बाबा म्हणत होते, "काही दुखत नाही. तू तुझं आवर." आणि मी मात्र डॉक्टरांवर संशय घेत होते, नर्सनं लिहिलेल्या आकड्यांवर घेत होते, औषधाच्या पाकिटावरची तारीख उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहत होते. सगळ्या जगाकडे संशयानं पाहणाऱ्या मला, ज्यानं हे पाहणं शिकवलं त्याच्याकडे पुन्हा तसं पाहायचं सुचलंच नाही.

सकाळचं कोवळं ऊन ओट्यापर्यंत आलं होतं. मी नेहमीसारखी बशी झाकून चहा ठेवला. बाबांनी बशी उचलली, बाजूला ठेवली आणि कप सरळ ओठांना लावला.

मी गॅस बंद केला. जवळ जाऊन पाहिलं, तर त्यांचा श्वास गळ्यापाशी येऊन तिथूनच परतत होता. खोल घेतला असता तर कळ फुटली असती. कपाळाला हात लावला, ताप होता. "कधीपासून?" मी विचारलं. ते बॅगेकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "परवापासून. तुझं विमान चुकलं असतं, नीलू."

नळी जागची सरकली होती, स्वादुपिंड सुजलं होतं. पुन्हा दुर्बीण, पुन्हा सलाइन, दोन आठवड्यांचं इस्पितळ. आणखी एक दिवस थांबला असतात तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्या वेळी मी त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवला. माझ्या जागी कंपनीतली दुसरी मुलगी परदेशी गेली. बाबांवर मी इतकी चिडले होते की घरी आल्यावरही दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आणि त्या दोन्ही रात्री त्यांचा श्वास ऐकत पडून राहिले.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. नळी मधूनमधून बदलावी लागते आणि प्रत्येक वेळी तेच संमतिपत्र मी तितक्याच सावकाश वाचते. घरी रोज सकाळी चहा ठेवून दाराशी रेंगाळते, चपला घालायला उगाच वेळ लावते. बाबा बशी उचलतात, नाकाशी नेतात, डोळे मिटतात. हल्ली जरा जास्तच वेळ मिटतात. मी काय पाहते ते त्यांना ठाऊक आहे, असं मला वाटू लागलं आहे.

आज सकाळीही त्यांनी बशी नाकाशी धरली, मान डोलावली आणि म्हणाले, "वा, वेलचीचा वास छान आलाय."

घरातली वेलची संपून चार दिवस झाले होते. कोपऱ्यावर कंपनीची बस येऊन थांबली होती. मी चपला काढल्या, त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि विचारलं, "कधीपासून?"