शिडी कोणी बनवली

कॉलेजात इतिहासाच्या मॅडमनी प्रकल्पाचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटले, त्या दिवशी मी गैरहजर होते. आंबिवलीला मावसबहिणीचा साखरपुडा होता. दुसऱ्या दिवशी एकच चिठ्ठी उरली होती. तिच्यावर मूल पळवून नेण्याच्या एका जुन्या परदेशी प्रकरणाचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘पुरावा आणि मतमतांतरे’. मी ते नाव कधी ऐकलं नव्हतं. शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, “अगं, फेमस आहे हे. यावर किती पॉडकास्ट आहेत!” मला हायसं वाटलं. पॉडकास्ट इंग्रजीत आहेत हे घरी गेल्यावर कळलं.

प्रकरण थोडक्यात असं. फार वर्षांपूर्वी एका जगप्रसिद्ध माणसाचं लहान मूल वरच्या मजल्यावरच्या खोलीतून नाहीसं झालं. खिडकीखाली चिखलात खुणा होत्या. जरा लांब एक लाकडी शिडी पडलेली होती, तिचा एक दांडा मोडला होता. जवळच लाकूड कोरायची एक पटाशी सापडली. पैसे मागणारी पत्रं आली, पैसे दिले गेले, पण मूल जिवंत परत आलं नाही. पुढे दोनेक वर्षांनी एका माणसाला पकडलं आणि त्याला मृत्युदंड झाला. मी काही केलं नाही, असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. तो सुतार होता.

हे शेवटचं वाक्य मी घरी सांगायला नको होतं असं मला नंतर काही दिवस वाटत होतं. कारण माझे पप्पाही सुतार आहेत.

आम्ही जातीने सुतार नाही. पप्पा सतराव्या वर्षी ठाण्यात एका राजस्थानी मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकले. तेव्हापासून नौपाड्यात लोकांच्या घरातली कपाटं, ओटे, दिवाण असं सगळं करतात. शाळा सातवीपर्यंत. माझ्या अभ्यासाबद्दल ते रोज एकच विचारायचे, “झाला का?” मी “झाला” म्हणायचे. आमचं बरं चाललं होतं.

त्या रविवारी सकाळी मी मम्मीला प्रकरण सांगत होते आणि पप्पा दारात बसून रंध्याचं पातं घासत होते. मम्मीला सगळ्यात आवडलेलं मत असं होतं की मूल मेलंच नाही. पुढे बरेच लोक मोठे झाल्यावर ‘ते मूल मीच’ म्हणत पुढे आले होते.

“म्हणजे जगलं बाळ,” मम्मी म्हणाली.

“नाही गं. ते सगळे खोटे निघाले.”

“सगळे?”

“सगळे.”

“एवढ्यातला एक तरी खरा असेल,” मम्मी म्हणाली आणि भाजी फोडणीला टाकली. तिचं मत आजही तेच आहे.

मग मी सुताराचं सांगितलं. घासण्याचा आवाज थांबला.

“दाखव शिडी,” पप्पा म्हणाले.

मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी हात पँटला पुसले आणि दोन बोटांनी तो मोठा केला, अजून मोठा केला, इकडून तिकडे सरकवला. इतका वेळ ते फक्त गिऱ्हाइकाने पाठवलेल्या डिझाइनकडे बघतात.

“ही सुताराने बनवलीय?”

“कोर्टाने तसं म्हटलं.”

“कोर्टात सुतार होता का कोणी?” ते म्हणाले. “पायऱ्या बघ एकमेकींपासून केवढ्या लांब आहेत. चढताना गुडघा छातीला लागेल. आणि उतरताना काखेत पोर. खाचा बघ, दातांनी कुरतडल्यासारख्या. असल्या कामावर मला मिस्त्रीने कानाखाली मारली असती.”

“तो पटाशी पण तिथेच विसरला,” मी म्हटलं.

हे ऐकून ते खरोखर नाराज झाले. “पटाशी? पटाशी विसरून कोण जातो?”

“तुम्ही छत्री विसरता,” मम्मी आतून म्हणाली. “डबा विसरता. मागच्या महिन्यात चष्मा विसरून आलेलात.”

“पटाशी नाही विसरलो कधी.”

“आणि खाचांचं काय घेऊन बसलात? आपल्या घरातलं स्टूल कोणी बनवलंय? दहा वर्षं हलतंय. पाहुणा बसला की आधी मी देवाचं नाव घेते.”

“ते घरच्यासाठी आहे,” पप्पा म्हणाले. “गिऱ्हाइकाचं वेगळं.”

मी ते तेव्हा लिहून घेतलं नाही. घ्यायला हवं होतं; ती शिडीही गिऱ्हाइकासाठी नव्हती.

त्या दिवसापासून पप्पा “झाला का?” विचारायचे बंद झाले. ते विचारायला लागले, “आज काय सापडलं?” मी इंग्रजी लेख शब्दकोश घेऊन वाचायचे आणि चहाच्या वेळी त्यांना सांगायचे. माझी मैत्रीण घरातलंच कोणीतरी फितूर होतं असं मानायची, कारण ते कुटुंब एरवी आठवड्याच्या मधल्या दिवशी त्या घरात नसायचं. बाळाला सर्दी झाली म्हणून राहिले, हे बाहेरच्याला कसं कळेल? वर्गातला एक मुलगा म्हणायचा की बापानेच काहीतरी केलं आणि झाकलं. त्याने पॉडकास्ट दीडपट वेगाने ऐकला होता आणि तो बोलायचाही तसाच. मी ही मतं घरी नेली. बापावरचा संशय पप्पांना मुळीच आवडला नाही. फितुरीचं त्यांनी थोडं ऐकून घेतलं. पण शेवटी ते शिडीवरच यायचे. पुढच्या रविवारी त्यांनी पॅकिंगच्या पेटीच्या पाईनच्या फळ्यांमधून तसल्या शिडीचा एक तुकडा बनवला, दोनच पायऱ्यांचा, फोटोत अंतर होतं तेवढ्या अंतराचा. ठाकुर्लीतल्या आमच्या चाळीतल्या चार जणांना त्यावर चढायला लावलं. समोरच्या काकू चढल्या नाहीत, पण म्हणाल्या, “असल्या शिडीने मी चोरी केली नसती.” पप्पांनी ते माझ्याकडे बघत ऐकलं. म्हणजे मी टिपून घ्यावं.

एवढं त्यांना का लागलंय, हे मी एकदा विचारलं. ते म्हणाले, खूप वर्षांपूर्वी एका घरात ओट्याचं काम चालू असताना मालकाचं घड्याळ सापडेना. पप्पांना खुर्चीवर बसवून तासभर प्रश्न विचारले. नंतर घड्याळ कपाटातच सापडलं. कपाट आधीच्या वर्षी पप्पांनीच बनवलेलं होतं.

“मग ते सॉरी म्हणाले?”

“चहा दिला,” पप्पा म्हणाले.

तेव्हा मला कळलं की त्यांना तो माणूस निर्दोष हवा आहे. प्रकल्प माझा होता, पण त्यात हरायचं किंवा जिंकायचं होतं ते त्यांना.

मी संदर्भसूचीत शेवटी लिहिलं, ‘वडिलांशी चर्चा’. मॅडमनी कच्चा मसुदा वाचताना विचारलं, “वडील काय करतात?” मी सांगितलं. हे सांगताना मी नेहमी थोडी हळू बोलते, का ते मला नीट सांगता येणार नाही. मॅडम म्हणाल्या, “अरे वा. सादरीकरणाच्या दिवशी घेऊन ये त्यांना. दहा मिनिटं शिडीवर बोलतील.”

पप्पांनी ते ऐकलं आणि म्हणाले, “कॉलेजात? मी काय बोलणार?” मग त्यांनी तीन दिवस आधी शर्ट इस्त्रीला टाकला.

आणि त्याच आठवड्यात मला तो लेख मिळाला.

त्यात लाकडाच्या एका जाणकाराबद्दल होतं. शिडीच्या बाजूच्या दांड्यांपैकी एक दांडा त्याने त्या सुताराच्या घरातल्या माळ्यावरच्या फळीशी जुळवला होता. माळ्यावर एका फळीचा तुकडा कापून काढलेला होता. दांड्यात चार खिळ्यांची जुनी भोकं होती आणि ती माळ्याच्या तुळयांमधल्या भोकांवर बरोबर बसत होती. दांड्यातल्या आणि उरलेल्या फळीतल्या रेषा जुळत होत्या. यावरही वाद होते. पुरावा बनावट आहे असं म्हणणारे होते. पण पुढे ज्यांनी तपासलं त्यांतल्या बऱ्याच जणांनी तो मान्य केला होता. खाली दोन्ही लाकडांचे फोटो शेजारी शेजारी होते. मी ते खूप वेळ पाहिले. मला लाकडातलं काही कळत नाही, तरी ते मला सारखेच दिसले.

मी पप्पांना सांगितलं नाही. “आज काय सापडलं?” ते म्हणाले. मी म्हटलं, “आज काही नाही.” फोटो काढून टाकावा असंही मनात आलं. पण मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आपल्या मताविरुद्धचा पुरावा लपवणारा इतिहासाचा विद्यार्थी नाही. म्हणून मी मधला मार्ग काढला. ती स्लाइड सगळ्यात शेवटी टाकली. आमच्या कॉलेजात तास वेळेवर संपतो.

सादरीकरणाच्या दिवशी पप्पा दहा मिनिटं उशिरा आले. गेटवरच्या वॉचमनने त्यांच्या हातातली पिशवी बघून विचारलं, “बेंचचं काम का? मागच्या गेटने जा.” ते मागच्या गेटने आले. पालक तिकडूनच येतात असं त्यांना वाटलं. पिशवीत गुण्या, टेप आणि दोन पायऱ्यांचा तो तुकडा होता.

मी माझा भाग वाचून दाखवला. आवाज लहान येत होता, मॅडम दोनदा “मोठ्याने” म्हणाल्या. मग पप्पा उठले. सुरुवातीला ते फळ्याकडे तोंड करून बोलले. नंतर तुकडा टेबलावर ठेवला आणि दीडपट वेगाने बोलणाऱ्या मुलाला म्हणाले, “ये, चढ.” तो चढला. “आता काखेत ही बॅग घे आणि उतर.” तो उतरताना मैत्रिणीच्या अंगावर पडता पडता वाचला. वर्ग हसला आणि मग ऐकायला लागला. गुण्या लावून काटकोन कसा बघतात, सुतार लाकडाची कुठली बाजू वर ठेवतो, खाच किती खोल हवी, हे त्यांनी सांगितलं. शेवटच्या बाकावरच्यांनीसुद्धा मोबाइल खाली ठेवले होते. मी त्यांना इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, “ज्याने ही शिडी बनवली त्याने रंधा धरलाही नसेल कधी. ज्याला शिक्षा दिली तो सुतार होता. मग हा तो नाही.” दोघांतिघांनी टाळ्या वाजवल्या.

मी घड्याळाकडे पाहिलं. सात मिनिटं उरली होती.

“शेवटची स्लाइड राहिली ना?” मॅडम म्हणाल्या.

मी ती लावली. काय आहे ते वाचून दाखवलं. पप्पांकडे न बघता वाचलं, म्हणून त्यांचा चेहरा कसा झाला ते मला माहीत नाही. वाचून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, “काका, तुम्हाला काय वाटतं यावर?”

ते पडद्याजवळ गेले. त्यांची सावली फोटोवर पडली, म्हणून बाजूला सरकले. चष्मा काढून पुसला, परत लावला. “मोठं कर,” मला म्हणाले. मी मोठं केलं. त्यांनी एक बोट डाव्या फोटोतल्या रेषेवरून नेलं आणि उजव्या फोटोत गेले. मग दुसरी रेषा. मग तिसरी. त्यांनी काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. फोटो स्पष्ट नाही, परदेशी लाकूड आहे, मला ओळखता येत नाही. वर्गातल्या कोणालाच त्यातलं कळत नव्हतं, मॅडमनाही नाही.

“एकच फळी आहे,” पप्पा म्हणाले.

“नक्की?” मॅडमनी विचारलं.

“फोटो खरा असेल तर नक्की. मधून कापलीय.”

“पण काका,” तो मुलगा म्हणाला, “तुम्ही तर आत्ता म्हणालात की सुतार असली शिडी...”

“म्हणालो,” पप्पा म्हणाले. “चुकलो.”

घंटा झाली. मॅडमनी त्यांचे आभार मानले. पप्पांनी गुण्या, टेप आणि तुकडा पिशवीत भरला आणि ते मागच्या गेटने निघाले. मी त्यांना हाताला धरून पुढच्या गेटने नेलं.

ठाणे स्टेशनपर्यंत आम्ही चालत गेलो. ठाकुर्लीला थांबणारी गाडी यायला वेळ होता, म्हणून बाकावर बसलो.

“तुला हे आधी माहीत होतं?” त्यांनी विचारलं.

“दोन दिवस झाले.”

“मग मला बोलावलंस कशाला?”

“मॅडमनी बोलावलं होतं.” हे खरं होतं, पण उत्तर नव्हतं. म्हणून मी पुढे म्हटलं, “तुम्ही शर्ट इस्त्रीला टाकला होता.”

त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. “सांगायचं होतंस,” ते म्हणाले. “मी तरी आलो असतो.”

मी मान हलवली. रडायला येत होतं, पण शेजारी एक बाई फुटाणे खात आमच्याकडे बघत होती.

गाडीची घोषणा झाल्यावर मी विचारलं, “पप्पा, निष्कर्षात तुमचं मत काय लिहू?”

“लिही, फळी त्याच्या घरातली. त्याने एकट्याने केलं की अजून कोण होतं, ते मला माहीत नाही.”

“मला माहीत नाही असं प्रकल्पात लिहीत नाहीत.”

“का?”

घरी येऊन मी ते तसंच लिहिलं.

प्रकल्प परत मिळाला तेव्हा त्या वाक्याखाली लाल रेघ होती आणि शेजारी मॅडमनी लिहिलं होतं, ‘भाषा सुधारणे आवश्यक’. पप्पांनी वही हातात घेऊन ती रेघ पाहिली.

“चुकीचं आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही. भाषेचं आहे.”

“मग ठीक,” ते म्हणाले, आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. वाचायला त्यांना चार दिवस लागले.